अटलांटिक ओलांडायचाय, पण पोटात गोळा येतो: क्रू म्हणून बोट कशी शोधावी?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई ठाण्याच्या, वय पस्तिशीच्या आसपास, आयटीत नोकरी. मुंबईत डिंगीचा, म्हणजे छोट्या उघड्या शीडबोटीचा, कोर्स केलाय, त्यानंतर दोन हंगाम सुट्टीच्या दिवशी हार्बरमध्ये शीड हाताळलंय. पुढच्या हिवाळ्यात कुणाच्या तरी बोटीवर क्रू म्हणून अटलांटिक ओलांडायचाय. घोडं दोन ठिकाणी अडलंय. एक, ओळखपाळख नसताना बोटीवर घेणार कोण? दुसरं, खोल पाणी, रात्र आणि वादळ यांच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो. "आधी भीती घालवू की आधी बोट शोधू?" असं त्या विचारतात.

दोन्ही एकदमच सुरू करा. ज्या ज्या गोष्टीची भीती वाटते ती कागदावर उतरवा. पुढे स्किपरला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, विचारायच्या प्रश्नांची यादी तीच. ज्याच्याकडे त्या प्रश्नांची सरळ उत्तरं आहेत त्याच्या बोटीवर तुमची निम्मी भीती तिथल्या तिथे उतरेल. ज्याच्याकडे नाहीत त्याच्याबरोबर जाऊच नका, कारण तिथे तुमची भीती बरोबर होती. बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवणं हे माझं काम आहे. इतरांच्या बोटींवर क्रू म्हणून गेलोय आणि स्वतः क्रू निवडलाही आहे. रात्रीच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, "मला कशाचीच भीती वाटत नाही" म्हणणारा माणूस मला नको असतो. घाबरणारा, पण वेळेत विचारणारा चालतो.

आता तुमची यादी. खोलीची भीती सोडून द्या. अटलांटिकच्या मध्यावर खाली काही हजार मीटर पाणी असतं, बोटीला तरंगायला लागतं दोन मीटर. बोटी फुटतात त्या खडकांवर, वाळूच्या दांड्यांवर, बंदराच्या तोंडाशी. म्हणून जाणता स्किपर रात्री अनोळखी बंदरात शिरत नाही, बाहेर मोकळ्या पाण्यात घिरट्या घालत उजाडायची वाट बघतो. नवख्याला जमीन दिसेनाशी झाली की धडकी भरते, जुन्या माणसाला जमीन दिसू लागली की.

उलटण्याची भीती डिंगीतून आलेली असते. कोर्समध्ये डिंगी मुद्दाम उलटवून सरळ करायला लावतात, आणि तेच डोक्यात बसतं. समुद्र ओलांडणाऱ्या एकाच बुडाच्या बोटीच्या पोटाखाली कील असतो, शिशाचा नाहीतर बिडाचा, बोटीच्या एकूण वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा. जड बुडाची बाहुली कशी ढकलली तरी उठून बसते, तशी ही बोट. वीस-पंचवीस अंश कलून तासन् तास चालणं ही तिची रोजची चाल आहे. दोन बुडं जोडलेल्या कॅटमरानचं गणित मात्र वेगळं. ती फारशी कलत नाही, त्यामुळे सुरुवातीला सुरक्षित वाटते, पण उलटली तर आपली आपण सरळ होत नाही. कॅटमरानवर जागा मिळाली तर शीड कधी आखडतं घेता हा प्रश्न तिथल्या स्किपरला दुप्पट खोदून विचारा.

वादळाच्या बाबतीत लोक दोन समुद्रांची गल्लत करतात. अभिलाष टॉमी यांची बोट २०१८ च्या गोल्डन ग्लोब या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत लाटांनी लोळवली, पाठीला जबर दुखापत झाली आणि फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ती बातमी आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. पण तो होता हिंदी महासागराचा दक्षिण भाग, आणि बोटीवर ते एकटे होते. (त्याच शर्यतीत ते २०२२ मध्ये पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले, हे तितक्या लोकांच्या लक्षात नाही.) तुम्हाला जायचंय ते कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला, शाळेच्या भूगोलात वाचलेल्या व्यापारी वाऱ्यांवर स्वार होऊन. वारा पाठीमागून, बहुतेक दिवस पंधरा ते वीस नॉट, पाणी दिवसागणिक उबदार. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि बोटी निघतात तो संपता संपता किंवा संपल्यावर. त्रास होतो तो रात्रीच्या झडींचा. काळा ढग येतो, दहा मिनिटांत वारा अठरावरून पस्तीसवर जातो, पाऊस कोसळतो आणि अर्ध्या तासात सगळं निवळतं. त्यावर उपाय ठरलेला आहे: अंधार पडायच्या आत रीफ घ्यायचा, म्हणजे शीड आखडतं घेऊन ठेवायचं. रात्री थोडं हळू गेलं तरी चालतं.

आता तुमच्या यादीत नसलेल्या आणि असायला हव्यात अशा गोष्टी.

पहिली, बोटीवरून पडणं. सहा नॉट म्हणजे सेकंदाला तीन मीटर. तुम्ही पडलात आणि बोट वळवायला एक मिनिट लागलं तर ती तुमच्यापासून जवळपास दोनशे मीटर पुढे गेलेली असते. दोन मीटरच्या लाटांत दोनशे मीटरवरचं डोकं दिवसासुद्धा दिसत नाही. वारा मागून असतो, शीड खांबाने बाहेर ताणून बांधलेलं असतं, म्हणजे एका मिनिटात वळणं हेही कागदावरच. म्हणून सगळा भर पडू नये यावर. डेकवर पुढून मागपर्यंत एक पट्टा ताणून बांधलेला असतो, त्याला जॅकलाइन म्हणतात. लाइफजॅकेटच्या हार्नेसला टेदर, म्हणजे छोटा मजबूत दोर, असतो, त्याचा हूक त्या पट्ट्यात अडकवायचा. अंधारात दुसरं कुणी वर आल्याशिवाय कॉकपिट (सुकाणूजवळची बसायची जागा) सोडून पुढे जायचं नाही, कितीही किरकोळ काम असो. हा नियम पाळायला स्किपर स्वतः कंटाळत असेल, तर मला त्याच्याबद्दल आणखी काही कळायची गरज उरत नाही.

पोहता चांगलं येत नाही असं तुम्ही लिहिलंय. शिका, पण महासागरात पोहून कुणी बोट गाठत नाही. त्यापेक्षा एकदा तरणतलावात कपड्यांसकट, लाइफजॅकेट घालून उडी मारा आणि ते फुगू द्या. मांड्यांमधला पट्टा लावला नसेल तर जॅकेट वर सरकून कानाशी येतं. हे एकदा स्वतः पाहिलं की तो पट्टा लावायला कुणी सांगावं लागत नाही.

दुसरी, बूम. मुख्य शिडाच्या तळाची आडवी काठी. वारा मागून असताना सुकाणू जरा चुकलं तर ती एका बाजूकडून दुसरीकडे भिरकावली जाते आणि वाटेत डोकं आलं तर फोडते. तिला पुढे बांधून ठेवणाऱ्या दोराला प्रिव्हेंटर म्हणतात. तो कायम बांधलेला असतो का, हे विचारा. तिसरी, स्वयंपाकघर. हलत्या बोटीवर उकळतं पाणी हा मोठा धोका आहे. रांधताना पावसाळी पँट घाला, उन्हाळ्यातही. चौथी, थकवा. सलग तिसऱ्या रात्री झोप मोडलेला माणूस गाठ मारायला विसरतो, हूक अडकवायला विसरतो, नकाशावरचा आकडा उलटा वाचतो. पाचवी, स्वतः स्किपर. त्याच्यावर पुढे येतोच.

त्याआधी बोट लागण्याविषयी, कारण नवख्या माणसाची निम्मी भीती खरं तर पोटातली असते. बोट लागणं ही भित्रेपणाची खूण नाही. आयुष्य समुद्रावर काढलेल्यांनाही पहिले दोन-तीन दिवस लागते, मग शरीर सरावतं. घाटात एसटीत बसण्याआधी आपण ॲव्होमिन घेतो, तसंच इथेही गोळी आधी घ्यायची, उलटी झाल्यावर घेऊन उपयोग नाही. युरोपातल्या बोटींवर सिनारिझिन जास्त चालते, आपल्याकडे ती स्टुजेरॉन नावाने मिळते. कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारा आणि निघण्याआधी घरीच एका सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, कारण काहींना या गोळ्यांनी इतकी गुंगी येते की वॉचवर बसवत नाही. बोटीवर पहिले दोन दिवस केबिनमध्ये खाली डोकं घालून बॅग धुंडाळू नका, लागणारं सामान आधीच उशाशी काढून ठेवा. सुकाणू हातात मागून घ्या. नजर क्षितिजावर आणि हाताला काम असलं की बरंच बरं वाटतं. आलेपाक जवळ ठेवा, कोरडी बिस्किटं ठेवा आणि ओआरएसची पाकिटं भरपूर न्या. दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल तर लपवू नका, स्किपरला सांगा. अशा वेळी शरीरातलं पाणी कमी होणं हा खरा प्रश्न असतो.

आणि रात्र. तिच्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिची भीती वर्णनाने बरीच कमी होते.

पावणेदोनला कुणीतरी खांद्याला हात लावून उठवतं. गरम काहीतरी पिता. जॅकेट, त्यावर लाइफजॅकेट, पट्टे आवळलेले. केबिनच्या जिन्यावर, अंग अजून आतच असताना, हात बाहेर काढून टेदरचा हूक कॉकपिटमधल्या कड्यात अडकवायचा आणि मगच वर पाय ठेवायचा. डोक्यावरचा दिवा लाल, पांढरा नाही. आधीचा माणूस चार गोष्टी सांगतो: दिशा कुठली धरायची, वारा किती आणि कुठून, कुठलं जहाज दिसलं आणि एआयएसवर (आसपासच्या जहाजांची जागा आणि दिशा दाखवणाऱ्या यंत्रावर) ते कुठे चाललंय, गेल्या तीन तासांत झडी आल्या का. मग तो लगेच खाली जात नाही, तुमचे डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबतो. तो गेला की तुम्ही आणि ऑटोपायलट. दर दहा मिनिटांनी उठून क्षितिजाची पूर्ण फेरी नजरेने मारायची. दहाच का? वीस नॉटने येणारं मालवाहू जहाज क्षितिजावर उगवल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत तुमच्यापाशी पोहोचू शकतं. मधल्या वेळात मागच्या बाजूचं आकाश बघायचं. तिथले तारे पुसले जाऊ लागले की झड येतेय. शंका आली की स्किपरला उठवायचं. तिथे तुम्ही चूक निघालात तरी काही बिघडत नाही. "उगाच उठवलंस" म्हणून कुरकुर करणाऱ्या स्किपरच्या बोटीवर लोक पुढच्या वेळी उठवायला कचरतात, आणि अपघात तिथे होतात.

चार माणसांच्या बोटीवर प्रत्येकाला असे तीन-चार तास मिळतात, मग झोप. चौथ्या-पाचव्या रात्री तुम्ही त्या वॉचची वाट बघू लागाल. मागे पाण्यात चमकणारी रेघ, वर आकाशगंगा, आणि कुणीही फोन करू शकत नाही. आयटीवाल्यांना हा शेवटचा भाग विशेष आवडतो, असा माझा अनुभव.

भीतीला पायऱ्या हव्यात, आणि त्या तुम्हाला घराजवळच मिळतील. ऑक्टोबर ते मे मुंबईत शीडबोटी चालतात. डिंगीवरून कीलबोटीवर या. आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेचा कॉम्पिटंट क्रू हा पाच दिवसांचा कोर्स करा, तो भारतातही होतो. मग एक रात्रीचा प्रवास करा. मुंबई–गोवा दोनशेहून जास्त सागरी मैल आहे, दोन रात्री तरी लागतात. एक सांगून ठेवतो: कोकण किनाऱ्यावरची रात्र अटलांटिकवरच्या रात्रीपेक्षा अवघड असते. बिनदिव्याच्या होड्या, मैल मैल पसरलेली जाळी, वर पहाटेचा मतलई आणि दुपारचा खारा वारा यांची अदलाबदल. तिथे डोळे उघडे ठेवून वॉच केलेल्या माणसाला पुढचा रिकामा महासागर निवांत वाटतो.

आता बोट शोधणं.

सगळ्यात वाहती वाट कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास दे ग्रान कनारियाहून. तिथून १९८६ पासून दरवर्षी एआरसी नावाचा ताफा निघतो, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, हल्ली कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला. अंतर सुमारे २७०० सागरी मैल, साधारण बोटीला अठरा ते एकवीस दिवस. शंभराहून जास्त बोटी असतात. लाइफराफ्ट (फुगणारा तराफा), बीकन (संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र), लाइफजॅकेट ही सामग्री आयोजक निघण्याआधी तपासतात, ही पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी मोठी सोय. पण गर्दीही तेव्हाच. नोव्हेंबरात लास पाल्मासच्या धक्क्यांवर पाठीवर बॅगा घेतलेली युरोपीय पोरं रोज बोटीबोटीशी जाऊन विचारत असतात, मरिनाच्या फलकावर चिठ्ठ्या डकवतात. शेवटच्या आठवड्यात कुणाचा तरी क्रू आजारी पडतो, कुणाचं भांडण होतं, आणि त्यातल्या काहींना जागा मिळते. त्यांना महिनाभर थांबणं परवडतं, मोजकी रजा आणि व्हिसाचे मोजके दिवस घेऊन आलेल्या तुम्हाला नाही. म्हणून घरूनच ठरवून निघा. क्रूसीकर्स, फाइंड अ क्रू यांसारख्या संकेतस्थळांवर युरोपातल्या उन्हाळ्यापासूनच जाहिराती येऊ लागतात. आणि माझं मत विचाराल तर ताफ्यातली बोट नाही मिळाली तरी हिरमुसू नका. डिसेंबर-जानेवारीत वारे जास्त पक्के झालेले असतात आणि तेव्हा निघणाऱ्या बोटींनाही माणसं हवीच असतात.

पैशाचं म्हणाल तर तीन प्रकार. काही बोटी क्रूकडून खर्चाचा वाटा घेतात: जेवण, डिझेल, मरिनाचं भाडं. हा सगळ्यात रुळलेला प्रकार आणि सगळ्यात स्वच्छ, फक्त आकडा आधी लिहून घ्या. दुसरा, बोट पोहोचवणारे स्किपर. ते कधी खाण्यापिण्यावर, कधी प्रवासखर्च देऊन नेतात, पण घाईत असतात आणि नवख्याला शिकवत बसायला त्यांना वेळ नसतो. हे मी स्वतःच्या जमातीबद्दल बोलतोय. तिसरा, पैसे भरून जागा घ्यायच्या व्यावसायिक बोटी, पगारी स्किपरच्या. महाग पडतात, पण बोट तपासलेली आणि स्किपर परवानाधारक असतो. पगारी क्रू व्हायचं असेल तर एसटीसीडब्ल्यू (जहाजावरच्या सुरक्षेचं प्रशिक्षण) आणि वैद्यकीय दाखला लागतो, तो वेगळा रस्ता.

स्किपरला लिहायचं कसं? बहुतेक संदेश असे असतात: "मला साहसाची आवड आहे, लहानपणापासून समुद्राचं वेड, मी मेहनती आणि हसतमुख आहे, एक संधी द्या." मी असा संदेश दुसऱ्या ओळीपलीकडे वाचत नाही. तुम्ही असं लिहा:

"वय ३५. मुंबई हार्बरमध्ये दोन हंगाम, मुंबई–गोवा एकदा, रात्रीचे वॉच केले आहेत. कॉम्पिटंट क्रू झालंय. पहिले दोन दिवस बोट लागते, गोळी घेऊन काम करू शकते. प्रेशर कुकरवर चार-पाच जणांचा रोजचा स्वयंपाक करीन. शाकाहारी आहे, पण मासे बनवायला हरकत नाही. मल्टिमीटर वापरता येतो, बारा व्होल्टचं वायरिंग आणि बोटीवरचं नेटवर्क बघू शकते. सिगारेट नाही. १० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर मोकळी. व्हिसा आणि परतीचं तिकीट माझं. खर्चात वाटा देईन. महासागर ओलांडलेला नाही, म्हणून प्रश्न बरेच विचारीन."

याला उत्तर येतं. शिडांचं ज्ञान स्किपरजवळ असतं. त्याला वॉचवर वेळेत हजर होणारा, तीन आठवडे तोंड वाकडं न करणारा आणि काहीतरी दुरुस्त करू शकणारा माणूस हवा असतो. पंचवीस नॉटमध्ये गरमागरम मुगाची खिचडी देणाऱ्याला तर पुढच्या बंदरात दुसऱ्या बोटीही विचारतात.

आणखी एक दार आहे, ते लोक विसरतात: किनाऱ्यावरचं काम. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. वाटेत फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन असे चारच थांबे. त्या मोहिमेत किनाऱ्यावरून मदत करणाऱ्यांत अभिलाष टॉमी होते. पुढे २०१२-१३ मध्ये त्याच बोटीवरून, कुठेही न थांबता, ते स्वतः फिरून आले. तुम्हीही मुंबईत कुणाची बोट दुरुस्तीला वर काढली असेल तर बुड घासायला जा, विंच (दोर ओढायचं चाक) उघडून ग्रीस लावायला जा. मालक समुद्रावर नेताना आधी त्यांनाच विचारतात.

पण पहिलीच उडी अटलांटिकची नको. जिब्राल्टरहून कॅनरी बेटांपर्यंत सहाशे-सातशे मैल आहेत, पाच-सहा दिवस. ऑक्टोबरात बऱ्याच बोटी तिकडून खाली उतरतात. रजा जमत असेल तर तिथेच चढा. बोट, स्किपर आणि तुम्ही, तिघांची परीक्षा त्यात होते, आणि न जमल्यास लास पाल्मासला हात मिळवून उतरता येतं. त्या टप्प्यात एक भीती मात्र खरी आहे: २०२० पासून जिब्राल्टर आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यालगत ऑर्का बोटींची सुकाणी मोडतात. स्किपरने त्यासाठी कुठला मार्ग ठरवलाय, ते विचारा. माहितीच नसेल तर तो काय वाचतो, असा प्रश्न पडायला हवा.

आता स्किपर. बोट लहान म्हणून नाकारू नका. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत न थांबता एकट्याने जगाला फेरी मारली ती बत्तीस फुटी ‘सुहैली’तून, आणि ती मुंबईत सागवानात बांधलेली होती. बोटीपेक्षा माणूस बघा. व्हिडिओ कॉलवर विचारा: डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या? लाइफराफ्टची तपासणी कधी झाली, तारीख दाखवाल? वॉच कसे लावता? चालू प्रवासात दारू? पाण्याच्या टाक्या किती आणि खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र बंद पडलं तर? मागच्या क्रूपैकी दोघांशी बोलता येईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "तुम्हीच पाण्यात पडलात, तर आम्ही काय करायचं?"

या शेवटच्या प्रश्नावर चांगला स्किपर कधीच हसत नाही. तो सांगतो की निघण्याआधी प्रत्येकाकडून बोट थांबवून दाखवून घेणार आहे, उपग्रह फोन आणि बीकन कुठे आहे ते शिकवणार आहे, इंजिन सुरू करण्याच्या पायऱ्या कागदावर चिकटवल्या आहेत. वाईट स्किपर म्हणतो, "मी पडत नाही."

बाईमाणसाने आणखी थोडं बघावं. कौशल्याचा प्रश्न उरलेला नाही. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून जगाला फेरी मारली आणि २०२४-२५ मध्ये त्याच बोटीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जाऊन आल्या. प्रश्न तीन आठवडे बंद जागेत कुणाबरोबर राहायचं याचा आहे. आधी त्या बोटीवर गेलेल्या एखाद्या बाईशी बोला. एकटा पुरुष स्किपर आणि एकट्या तुम्ही, अशी जागा पहिल्या प्रवासाला घेऊ नका. झोपायची जागा वेगळी आहे का ते स्पष्ट विचारा. एक दिवस बरोबर शीड मारून बघा, जमल्यास दोन. मन खात असेल तर कारण द्यायच्या फंदात न पडता उतरा. पासपोर्ट बोटीच्या कागदांबरोबर दाखवायला द्यावा लागतो, पण तो कायमचा स्किपरच्या ताब्यात नको. कुठल्याही बंदरात उतरायची मुभा आणि पैशाचा हिशेब ईमेलवर लिहून घ्या.

भारतीय पासपोर्टवाल्याचं गाडं बऱ्याचदा समुद्राआधी कागदांवरच अडतं. कॅनरी बेटं शेंगेनमध्ये येतात, म्हणून तिथे पोहोचायला शेंगेन व्हिसा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. निघताना बंदरातल्या पोलिसांकडून बाहेर पडल्याची नोंद करून घ्यायला विसरू नका. नाहीतर तुम्ही अजून युरोपातच आहात अशी नोंद राहते आणि पुढच्या अर्जाला त्रास होतो. विमान कंपनी एकेरी तिकिटावर बसू देईलच असं नाही, म्हणून बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, मार्ग आणि तुमचं नाव असलेलं स्किपरचं पत्र जवळ ठेवा. पलीकडच्या बेटांचे नियम प्रत्येकाचे वेगळे. मार्टिनिक फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये नाही, साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. परतीचं विमान अमेरिकेतून असेल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. क्रूला परत पाठवायची जबाबदारी कायद्याने स्किपरवर येते, म्हणून तो परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत मागेल. त्यात वावगं काही नाही. प्रवास विमा घेताना किनाऱ्यापासून दूरचं सेलिंग वगळलंय का ते बारीक अक्षरात वाचा, अनेक पॉलिसींत वगळलेलं असतं.

रजा पाच-सहा आठवड्यांची टाका. वाऱ्याची वाट बघण्यात आठवडा सहज जातो, आणि ठरलेलं विमान गाठायच्या घाईने बंदर सोडणं हा तुमच्याच स्किपरवर आणलेला दबाव असतो. तिकीट बदलता येणारंच काढा.

घरच्यांना पोहोचण्याची तारीख सांगू नका, पंधरवडा सांगा. बहुतेक बोटींवर आता उपग्रह ट्रॅकर असतो, नकाशावर ठिपका दिसतो. आईला तो उघडून द्या, पण आधीच समजावून ठेवा की यंत्र बंद पडलं तर ठिपका तिथेच थांबतो, बोट नाही. स्किपरच्या घरच्यांचा नंबर तुमच्या भावाकडे किंवा नवऱ्याकडे असू द्या. जाहिराती यायला अजून अवकाश आहे. तोवर हा हंगाम मेअखेर संपायच्या आत गोव्याची ती एक फेरी पदरात पाडून घ्या.